घरोघरची कारागिरी : जुन्या सायकलीस नवा साज

पुष्कळ घरांतून जिन्याखालीं किंवा पडवीच्या कोपऱ्यांत एखादी जुनी सायकल उभी असते. ती कोणी चालवीत नाहीं, आणि ती मोडींत देण्याचा धीरहि कोणास होत नाहीं. कोणाच्या आजोबांनीं ती काटकसर करून घेतलेली असते, कोणाच्या थोरल्या बंधूंच्या पहिल्या पगाराची ती खूण असते. अलीकडे घरांतील तरुण मंडळींना अशा सायकली पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस उत्पन्न झाली आहे. ही हौस स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु हौसेबरोबर हातांत पाना येतो, आणि पान्याबरोबर घाई येते. त्या घाईनें जुन्या वस्तूचें कसें नुकसान होतें व तें कसें टाळावें, एवढाच या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या घरींहि अशी एक सायकल आहे. ती माझ्या वडिलांची. आम्ही सर्व भावंडें त्यांस नाना म्हणत असूं. सायकल इंग्रजी बनावटीची, काळ्याभोर रंगाची, ब्रेकला तारांऐवजीं सळ्या असलेली, आणि नळ्यांवर बारीक सोनेरी रेघ ओढलेली. नानांनीं ती १९४८ सालीं घेतली आणि पुढें तीस वर्षांहून अधिक काळ ते तिच्यावरूनच शाळेंत शिकवावयास जात. गेल्या दिवाळीच्या सुटींत थोरल्या बंधूंचा नातू ती जिन्याखालून बाहेर घेऊन आला. धूळ झटकली, चाकांत हवा भरली, आणि चार वस्तु माझ्यापुढें मांडल्या : एक पुढचा दिवा, एक मागचा तांबडा दिवा, पाण्याची बाटली ठेवण्याची चौकट, आणि तीन गतींच्या गिअरचा खटका, त्याच्या तारेच्या क्लिपांसह.

"आबा, हिला थोडें आजचें रूप देतों. कॉलेजला हीच नेईन म्हणतों," तो म्हणाला. "आणि तुम्ही काळजी करूं नका. सगळें क्लॅम्पनें बसतें. कोठें भोंक पाडावयाचें नाहीं, कीं डाग द्यावयाचा नाहीं. मग नुकसान कसलें होणार?"

प्रश्न रास्त होता. पण असाच प्रश्न मीं स्वतःला १९६९ सालीं विचारला होता, आणि त्याचें उत्तर त्या सायकलीच्या चिमट्यावर आजहि कोरलेलें आहे. तें मीं त्यास दाखविलें.

त्या वर्षीं मी सोळा वर्षांचा होतों. संध्याकाळच्या शिकवणीहून परततांना अंधार पडे. दिवा नसला तर चौकांत पोलिस अडवीत. म्हणून मीं पैसे साठवून एक डायनमो आणला, आणि नानांना न विचारतां तो पुढच्या चिमट्याच्या पायाला बसविला. चिमट्याचे पाय वरच्या बाजूस लंबगोल असतात आणि खालीं निमुळते होत जातात. डायनमोची क्लिप मात्र वाटोळी होती. ती नीट बसेना. खड्डा आला कीं डायनमो फिरे, चाकापासून सुटे, आणि दिवा विझे. मीं पेंच आणखी आवळला, पुन्हा फिरला. शेवटीं पान्याच्या टोकास हातभर लांबीची लोखंडी नळी घातली आणि सारा जोर लावला. डायनमो घट्ट बसला. चिमट्याची नळी मात्र आंत गेली. तिला सुपारीएवढा खोलगट पोंचा पडला आणि त्याच्या कडेला एक तीक्ष्ण घडी उमटली. शिवाय त्या क्लिपेंत एक टोकदार स्क्रू असतो. डायनमोपासून दिव्याकडे एकच तार जाते व विजेचा परतीचा मार्ग सायकलीच्या लोखंडांतून असतो, म्हणून तो स्क्रू रंग फोडून लोखंडाला भिडवावयाचा असतो. तोहि मीं मन लावून भिडविला.

नानांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें पाहिलें. पोंच्यावरून त्यांनीं आंगठा फिरविला. रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "दिवा लावलास तें ठीक केलेंस. पण उद्यां तो काढावयाचा झाला, तर माझी सायकल मला परत मिळेल का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. जुन्या वस्तूवर नवें कांहीं चढवितांना विचारावयाचा प्रश्न हाच, हें समजण्यास मला पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

क्लॅम्प धरतो कशानें?

सामान्य समजूत अशी कीं, क्लॅम्प जितका आवळावा तितका तो घट्ट धरतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. क्लॅम्प धरतो तो घर्षणानें, आणि घर्षण टिकतें तें पट्टा नळीला सर्व बाजूंनीं सारखा लागला तर. पट्ट्याचें आंतलें माप आणि नळीचें बाहेरचें माप तंतोतंत जुळलें असेल, तर थोडक्या जोरानें काम होतें. मापें जुळत नसतील तर पट्टा दोन-तीन ठिकाणींच टेकतो, बाकी पोकळ राहतो, आणि मग माणूस मापाची उणीव जोरानें भरून काढूं पाहतो.

हा जोर किती असतो, याची कल्पना बहुधा कोणास नसते. पांच मिलिमीटर जाडीचा साधा स्क्रू घ्या. दहा सेंटिमीटर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकाशीं पांच किलो वजनाइतका जोर द्या. हा कांहीं मोठा जोर नव्हे, घरांतील कोणीहि तो देऊं शकेल. पण तेवढ्यानें त्या स्क्रूंत सुमारें पांचशें किलो वजनाचा ताण उत्पन्न होतो. आट्यांना तेल लावलेलें असेल तर त्याहूनहि अधिक. सायकलीची नळी आंतून पोकळ असते. साध्या रोडस्टर सायकलींच्या नळ्या बऱ्या जाड असतात, पण शर्यतीच्या हलक्या सायकलींच्या उंची नळ्या मध्यभागीं अवघ्या ०.५ ते ०.७ मिलिमीटर जाडीच्या असतात. हा ताण नळीच्या सभोंवार सारखा वांटला गेला तर ती तो लीलया सोसते. दोनच ठिकाणीं एकवटला तर ती दबते, आणि एकदां दबलेली नळी पूर्ववत् होत नाहीं.

हें मी नातवास समजावीत असतां वहिनी माजघराच्या उंबऱ्यांत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे बांगड्या भरण्यासारखेंच कीं! माप चुकलें तर हातहि सोलतो आणि बांगडीहि फुटते. चांगला कासार आधीं हात पाहतो, मग बांगडी काढतो."

मीं इतका वेळ जें सांगत होतों, तें वहिनींनीं दोन वाक्यांत सांगितलें. आधीं हात पाहावा, मग बांगडी काढावी.

माप घेण्याची रीत

नळीचें माप व्हर्निअर कॅलिपरनें घ्यावें. तें दोन दिशांनीं घ्यावें, एकदां उभें आणि एकदां आडवें. दोहोंत फरक आढळला तर नळी आधींच कोणी दाबलेली आहे असें समजावें, आणि त्या जागीं क्लॅम्प बसवूं नये.

कॅलिपर नसल्यास कागदाची सरळ, अरुंद पट्टी नळीभोंवतीं घट्ट गुंडाळावी. पट्टीचीं टोकें एकमेकांवर आलीं कीं दोन्ही थरांतून एक सुई टोंचावी. पट्टी उलगडून दोन छिद्रांमधील अंतर मोजावें, हा झाला परिघ. त्यास ३.१४ नें भागलें कीं व्यास मिळतो. बहुतेक जुन्या इंग्रजी सायकलींची वरची आडवी नळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असते, तिचा परिघ सुमारें ८० मिलिमीटर भरतो. बैठकीची उभी नळी व खालची तिरपी नळी सव्वा इंचाला थोड्या कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, २८.६ मिलिमीटर असतात, त्यांचा परिघ सुमारें ९० मिलिमीटर भरतो. हँडलची नळी मुठीजवळ बहुधा २२.२ मिलिमीटर असते, तिचा परिघ सुमारें ७० मिलिमीटर. जुन्या फ्रेंच सायकलींचीं मापें मात्र वेगळीं. त्यांची आडवी नळी २६ आणि उभी व तिरपी २८ मिलिमीटर. २८ आणि २८.६ हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. पण कागदाच्या पट्टीवर तो जवळजवळ दोन मिलिमीटर दिसतो, हाच या पद्धतीचा गुण.

नातवानें वहिनींची सुई घेऊन सर्व नळ्या मोजल्या. बाटलीच्या चौकटीचे पट्टे २८.६ मिलिमीटरचे होते, ते तिरप्या नळीला बरोबर होते. गिअरच्या तारेसाठीं आडव्या नळीवर बसवावयाची क्लिप मात्र त्यानें २८.६ चीच आणली होती, आणि नळी होती २५.४ ची. ती त्यानें पान्यानें आवळली असती, तर मागची बाजू आणि दोन कान एवढेच नळीला भिडले असते, आणि माझ्या १९६९ सालच्या पराक्रमाची पुनरावृत्ति झाली असती.

भर घालावी, पण मोजून

क्लिप नळीहून किंचित् मोठी असेल तर मध्यें पातळ पत्र्याची भर घालतां येते. येथें एक चूक हटकून होते. व्यासांत ०.६ मिलिमीटरचा फरक असेल तर पत्रा ०.६ जाडीचा घेतात. वास्तविक तो दोन्ही बाजूंनीं येतो, म्हणून अर्ध्या जाडीचा, ०.३ मिलिमीटरचा पाहिजे. शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनिअमचा पत्रा सुमारें ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे तीन थर घेतले कीं काम भागतें. पत्रा नळीला पूर्ण वेढा घालील इतका लांब असावा, पण त्याचीं टोकें एकमेकांवर चढूं नयेत, नाहीं तर चढलेल्या जागीं पुन्हा दाब एकवटतो. सांध्याची फट क्लिपेच्या फटीसमोर न ठेवतां बाजूस ठेवावी. पत्र्याच्या कडा फार धारदार असतात. त्या घासून बोथट कराव्या आणि कोपरे वाटोळे कापावे, म्हणजे रंग खरवडणार नाहीं आणि बोटेंहि कापणार नाहींत.

पितळेचा पत्राहि चालतो. परंतु कोंकणांत, समुद्राच्या खाऱ्या हवेंत राहणाऱ्यांनीं तो टाळावा. रंगाला चरा पडून पितळ लोखंडाला भिडलें आणि ओल लागली, तर गंजतें तें लोखंड. ॲल्युमिनिअम असेल तर तें स्वतः आधीं झिजतें आणि लोखंड वांचतें.

पुष्कळ लोक जुन्या ट्यूबचा रबर घालतात. दिव्यासारख्या हलक्या वस्तूला तो उत्तम. ज्या क्लिपेवर तारेची ओढ येते, तेथें मात्र जाड रबर घालूं नये. तो दबतो, क्लिप किंचित् सरकते, आणि गिअर बिघडतो. चामडें किंवा कापड तर मुळींच घालूं नये. आपल्या पावसाळ्यांत तें चार महिने ओलें राहतें आणि आंतल्या आंत नळी गंजवितें.

माझा स्वतःचा नियम असा : एक मिलिमीटरहून जाड भर लागत असेल, तर ती क्लिप आपल्या सायकलीची नव्हे असें समजून परत करावी. आणि क्लिप नळीहून लहान असेल, तर तिला उपाय नाहीं. ती ताणून बसवूं नये, आणि बसत नाहीं म्हणून नळी कानशीनें घासण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये. नातवानें ती क्लिप परत केली आणि आठवड्याभरांत २५.४ ची मागविली.

जागेची निवड

नळीवर कोणती जागा निवडावी, यालाहि शास्त्र आहे. उंची सायकलींच्या नळ्या सर्वत्र सारख्या जाडीच्या नसतात. टोकें जाड आणि मध्यभाग पातळ अशी नळी काढण्याच्या युक्तीचें पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांच्या कारखान्यांतून १८९७ सालीं घेतलें गेलें, आणि १९३५ सालीं निघालेली त्यांची '५३१' ही मिश्र पोलादाची नळी पुढें जगभर नांवाजली. अशा पातळ नळ्यांना डाग देऊन जोड बसविला तर उष्णतेनें त्या कमजोर होतील, अशी कारागिरांना भीति वाटे. म्हणून कित्येक दशकें शर्यतीच्या उत्कृष्ट सायकलींवरहि गिअरचे खटके आणि तारेचीं मार्गदर्शकें पट्ट्यांनींच बसवीत असत. तेव्हां क्लॅम्प ही जुन्या सायकलीला परकी वस्तु नव्हे. तिचे मूळचे दागिनेहि तसेच बसविलेले आहेत. आमच्या रोडस्टरच्या ब्रेकच्या सळ्यासुद्धां क्लिपांनींच नळीला धरलेल्या आहेत. प्रश्न क्लॅम्प असावा कीं नसावा हा नाहीं, तो कसा आणि कोठें असावा हा आहे.

म्हणून शक्य तेथें सांध्याजवळची जागा घ्यावी, नळीचा ऐन मध्य टाळावा. ज्या जागीं कंपनीचें नांव, चिन्ह किंवा सोनेरी रेघ आहे ती जागा सोडावी, कारण रंग पुन्हा देतां येतो, पण ती जुनी अक्षरें पुन्हा मिळत नाहींत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जो भाग पुढेंमागें बदलतां येतो, त्यावर ओझें आधीं टाकावें. पुढचा दिवा हँडलवर, मागचा दिवा बैठकीच्या खालच्या दांड्यावर. हे दोन्ही भाग जाड असतात आणि बिघडले तर दुसरे मिळतात. फ्रेम मात्र एकच असते. सायकल दुरुस्तीसाठीं अडकवावयाची असेल तेव्हांहि हाच नियम. नळी कधीं शेगड्यांत धरूं नये, बैठकीचा दांडा धरावा.

बसविण्याचा क्रम

प्रथम जागा ओल्या फडक्यानें पुसून कोरडी करावी. क्लिपेखालीं वाळूचे चार कण राहिले तरी ते पॉलिश कागदासारखें काम करतात. त्यावर मेणाचा एक पातळ हात द्यावा आणि स्वच्छ पुसून घ्यावा. क्लिप एका टोकाकडून ढकलीत नेऊं नये, तशानें रंगावर लांब ओरखडा उठतो. ती हातानें आवश्यक तेवढीच उघडून जागेवरच चढवावी, आणि चढवितांना तिच्या टोकांखालीं कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. पट्टा एकदम फांकवूं नये. जुन्या क्लिपांचा मुलामा त्यानें तडकतो.

नंतर स्क्रू बोटांनीं फिरेल तितका फिरवावा. मग आंखूड पाना घेऊन पाव-पाव फेरा द्यावा, आणि दर वेळीं वस्तु हातानें हलवून पाहावी. ती ज्या क्षणीं हलेनाशी होईल, त्या क्षणीं थांबावें. लांब पाना मुद्दाम दूर ठेवावा. दोन कानांमधील फट शेवटीं एक-दोन मिलिमीटर तरी उरली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही कडा समांतर असल्या पाहिजेत. कान एकमेकांस टेकले असतील तर स्क्रूचा सारा जोर कानांतच जातो आणि क्लिप नळीला धरीतच नाहीं. अशा वेळीं आणखी आवळणें व्यर्थ, भर कमी पडली आहे हें ओळखावें.

जुन्या इंग्रजी सायकलींच्या नट-बोल्टांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. त्यांतील पुष्कळांचे आटे इंचास २६ असे असतात. त्यांच्या पाव इंची नटांत आजचा सहा मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ बसतो, कारण दोहोंच्या आट्यांतील अंतर फार सारखें आहे. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बोल्ट आंत सैल राहतो, आवळतांना धरल्यासारखा वाटतो, आणि ऐन वेळीं आटे सोडतो. तेव्हां जुन्या क्लिपेचा मूळचा बोल्ट मूळच्या नटासहच जपावा, आणि नव्या क्लिपेला तिचाच बोल्ट वापरावा. दोहोंची सरमिसळ करूं नये.

तीन गतींचा गिअर

आतां गिअरकडे वळूं. नातवानें जें जुनें मागचें चाक मिळविलें होतें, त्यांत स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गतींचा गिअर होता. नॉटिंगहॅमच्या या कंपनीचा 'एडब्ल्यू' हा प्रकार १९३६ सालीं निघाला. सन २००० मध्यें कंपनी तैवानच्या मालकांकडे गेली, आणि असे गिअर तेथें बनूं लागले. मधली गति सरळ, खालची तिच्याहून एक चतुर्थांशानें हलकी, आणि वरची एक तृतीयांशानें जड. चढ आणि उतार अशा दोहोंसाठीं तो सोईचा आहे, आणि सर्व यंत्र चाकाच्या पोटांत असल्यामुळें सायकलीचें रूप पालटत नाहीं.

याच्या तारेचें आवरण आडव्या नळीवरील एका क्लिपेंत संपतें. खटका ओढला कीं तें आवरण त्या क्लिपेला मागें ढकलतें. क्लिप सरकली कीं गिअर चुकतो, आणि मग सर्वजण क्लिप आवळूं लागतात. परंतु बहुधा दोष क्लिपेचा नसतोच. तार गंजलेली असते, किंवा आवरण कोठें तरी तीव्र वळलेलें असतें, म्हणून ओढ प्रमाणाबाहेर वाढते. तार बदलावी, वळण सौम्य करावें, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावे. खोबरेल तेल घालूं नये, तें थंडींत थिजतें आणि पुढें चिकट होतें. ओढ हलकी झाली कीं तीच क्लिप त्याच आवळणीवर स्थिर राहते. आमच्याकडे असेंच घडलें. पहिल्या दिवशीं क्लिप दोन बोटें मागें सरकली. नातवाचा हात पान्याकडे गेला. मीं म्हटलें, "आधीं तार बघ." आवरणाच्या आंत जुना गंज होता. नवी तार घातली, आणि पान्याची गरज उरली नाहीं.

दिव्यांसाठीं आज डायनमोची आवश्यकता राहिली नाहीं. बॅटरीचे हलके दिवे रबरी पट्ट्यानें हँडलवर बसतात. तरीहि कोणास जुन्या वळणाचा डायनमो हवा असेल, तर त्यानें रंग फोडणारा तो टोकदार स्क्रू काढून टाकावा आणि परतीसाठीं दुसरी तार ओढावी. चार हात तारेनें नळीवरची जखम वांचते.

बाटली भरल्यावर तिचें वजन पाऊण किलोच्या आसपास होतें, आणि खड्ड्यांत तें हिसके देतें. म्हणून तिच्या चौकटीला दोन पट्टे असावे, आणि ते पहिल्या आठवड्यानंतर एकदां तपासावे. पुढें दर महिन्यास एक नजर पुरे. पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर मात्र प्रत्येक क्लिप काढून खालची जागा पाहावी, पुसावी, मेण लावावें आणि परत बसवावी. या कामाला एक सकाळ लागते. गंज काढावयाला त्याहून फार अधिक.

चिमट्याचें काय झालें?

सर्व कांहीं बसल्यावर माझा तो जुना पोंचा उरला. डायनमोची क्लिप काढली, तेव्हां टोकदार स्क्रूच्या जागीं गंजानें खळगा पाडलेला दिसला. त्याच्या शेजारीं घडीवर नख फिरविलें तर नख अडकलें. पोलादी नळीला उथळ, गुळगुळीत पोंचा असेल तर ती पुष्कळदां वर्षानुवर्षें चालते. पण तीक्ष्ण घडी, आणि तीहि चिमट्यावर, ही हयगय करण्यासारखी गोष्ट नव्हे. प्रत्येक खड्ड्याचा धक्का प्रथम चिमट्यावर येतो, घडीच्या जागीं तो एकवटतो, आणि तेथूनच एक दिवस भेग जाते. इतर कांहीं तुटलें तर सायकल थांबते, चिमटा तुटला तर माणूस तोंडावर आपटतो. मुलाला त्यावरून रस्त्यांत पाठविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. दुरुस्ती करणाऱ्या अनुभवी कारागिराचेंहि तेंच मत पडलें.

मग जुन्या बाजारांत दोन रविवार हिंडून, वरच्या दांड्याची लांबी आणि आटे जुळवून, त्याच घडणीचा दुसरा चिमटा मिळविला. नानांचा मूळचा चिमटा आतां पडवीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आहे. तो फेकून द्यावा असें घरांत कोणी सुचविलें नाहीं.

सुटी संपतांना नातवानें एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. बाटलीच्या चौकटीचे दोन्ही पट्टे त्यानें माझ्यासमोर सोडले आणि नळी फडक्यानें पुसून दाखविली. काळा रंग अखंड होता, सोनेरी रेघ जागच्या जागीं होती. क्लिप कोठें होती हें शोधून सांपडलें नसतें.

"पाहा आबा," तो म्हणाला, "पणजोबांची सायकल त्यांना परत देतां येईल."

नानांच्या प्रश्नाचें उत्तर छप्पन वर्षांनीं का होईना, पण घरांतून मिळालें. वाचकांपैकीं ज्यांच्या जिन्याखालीं अशी एखादी सायकल उभी असेल, त्यांनीं ती अवश्य बाहेर काढावी, तिला दिवा लावावा, गिअर बसवावा, मुलांना चालवूं द्यावी. मात्र पाना हातांत घेण्यापूर्वीं कागदाची एक पट्टी आणि एक सुई घेऊन बसावें.